आईंचा फोन मधेच का बंद पडला?

दिवाळी झाली की आपल्या सगळ्यांना भारतवारीचे वेध लागतात. डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटे काढून झालेली असतात, बेसमेंटमधल्या बॅगा वर येतात, आणि बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, चॉकलेटे यांच्या जोडीला आणखी एक वस्तू हमखास बॅगेत जाते. ती म्हणजे घरातला जुना फोन. "अजून चांगला चालतोय, आईला होईल." "बाबांना काय, व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ कॉल, एवढे पुरे." आम्ही उभयतांनी असे तीन फोन आजवर मिरजेला पोचवले. त्यातल्या तिसऱ्याने आमच्या तोंडचे पाणी पळवले. त्याची हकीकत आणि त्या निमित्ताने जे शिकलो ते, दोन्ही या अंकात द्यावे असे संपादकांनी सुचवले, म्हणून हा लेख.

आई (एकीची आई, दुसऱ्याच्या सासूबाई, पण घरात दोघेही आईच म्हणतो) २०२४ च्या सप्टेंबरात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिनियापोलिसला आल्या. वय एकाहत्तर. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेले, त्यामुळे घरात नुसते बसून राहणे त्यांना जमत नाही. महिन्याभरात त्यांनी बसचे कार्ड मिळवले, आणि दर मंगळवारी दुपारी वाचनालयात भरणाऱ्या विणकामाच्या गटात त्या एकट्या जाऊ लागल्या. जाताना एकीने गाडीतून सोडायचे आणि परत येताना त्यांनी बसने यायचे, असा शिरस्ता पडला. बसमध्ये बसल्या की त्या फोन करत. थंडी पडल्यावरही त्यांनी हे सोडले नाही. "तुमच्या थंडीचे कौतुक तुम्हालाच. मी स्वेटर विणते ते कशाला?" असे त्यांचे म्हणणे.

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, बाहेर शून्य फॅरनहाइट होते. मिरजेच्या भाषेत सांगायचे तर उणे १८ सेल्सियस. चार वाजले, आईंचा फोन नाही. सव्वाचारला आम्ही लावला तर थेट रेकॉर्ड केलेला आवाज. साडेचारला पुन्हा तेच. पाचला एक जण वाचनालयात पोचला. तिथल्या बाईंनी सांगितले की त्या साडेतीनलाच निघाल्या. दुसरी घरी पोचली, तर दाराला कुलूप. तोवर अंधार पडला होता. जानेवारीत इथे पाच वाजता काळोख होतो, आणि अशा थंडीत उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, हे आपण सगळेच मुलांना बजावत असतो. त्या वेळी डोक्यात काय काय आले ते इथे लिहीत नाही.

पाच चाळीसला आईंचाच फोन आला. त्या एका गॅस स्टेशनच्या दुकानात होत्या, घरापासून चार मैलांवर, आणि कॉफी पीत होत्या.

झाले होते ते असे. वाचनालयातून निघताना त्यांनी फोन पाहिला, ४१ टक्के. गणिताच्या बाई, त्यामुळे आकडा नक्की लक्षात. स्टॉपवर उभ्या राहून बस किती वाजता आहे ते पाहायला हातमोजा काढून फोन उघडला, दोन-तीन मिनिटे पाहत राहिल्या आणि पडदा काळा झाला. बटण दाबून पाहिले, काही नाही. तेवढ्यात बस आली. नंबर तोच होता, पण ती पुढच्या फाट्यावर वेगळीकडे वळणारी निघाली. ओळखीच्या खुणा दिसेनात तशा त्या उतरल्या आणि समोर उजेड दिसला त्या गॅस स्टेशनमध्ये शिरल्या. गल्ल्यावरच्या सोमाली तरुणाने आधी खुर्ची दिली, मग कॉफी दिली, मग स्वतःचा फोन पुढे केला. आणि इथे खरी पंचाईत झाली. आईंना आमचा नंबर पाठ नव्हता. दोघांपैकी एकाचाही नाही. त्यांना पाठ होता मिरजेच्या घरचा जुना लँडलाइनचा नंबर, जो काढून टाकल्याला वर्षे झाली. "बोटाने नाव दाबायचे तर नंबर पाठ कशाला होईल?" असे नंतर त्या म्हणाल्या, आणि त्याला उत्तर नव्हते.

त्या मुलाने मग फोन आपल्या चार्जरला लावला. दोन मिनिटांत तो सुरू झाला. आणि पडद्यावर आकडा आला, ३६ टक्के.

"अगं, छत्तीस टक्के होते की त्यात! मग मेला बंद कशाला पडला?"

गाडीत बसल्यावर आईंचे हे पहिले वाक्य. प्रश्न रास्त होता, आणि घरात दोन इंजिनिअर असून आम्हाला तो नीट सांगता आला नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही त्याच्या मागे होतो. त्यातले पहिले दोन चुकीच्या वाटेने गेले, तेही सांगतो, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते.

पहिला संशय अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर. आईंच्या फोनमध्ये अकरा ग्रुप. शाळेतल्या बायका, भिशी, सोसायटी, भजनी मंडळ, आणि आमच्याच चुलत घराण्याचे तीन. रोज सकाळी सुप्रभाताची फुले आणि उगवते सूर्य असे साठ-सत्तर फोटो आपोआप उतरत होते. ते बंद केले. मग उघडी राहिलेली अ‍ॅप्स वरच्या वर सरकवून बंद करायचा सपाटा लावला. (याचा उपयोग नसतो. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा उघडायला उलट जास्त शक्ती लागते.) मग नवा चार्जर आणला. मग कुणीतरी सांगितले म्हणून फोन पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू केला, त्यात आईंचे विणकामाचे नमुने गेले आणि दोन दिवस आमच्याशी बोलणे बंद झाले. एवढे करून पुढच्या मंगळवारी अंगणात उभे राहून पाहिले, तर ४४ टक्क्यांवर फोन पुन्हा मेला.

चूक अशी झाली होती की आम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकच समजत होतो. फोन लवकर उतरतो ही एक तक्रार. फोनमध्ये चार्ज दिसत असताना तो अचानक बंद पडतो ही दुसरी. पहिलीत फोनमधले काहीतरी जास्त खात असते. दुसरीत खाणारे ठीक असते, वाढणारा थकलेला असतो.

दुसरी आईंना समजावताना मिरजेच्या घराचीच मदत घेतली. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. नवी होती तेव्हा खाली नळ सोडला की धो धो पाणी. वीस वर्षांनी पाइपात क्षार बसला, भोक करंगळीएवढे राहिले. टाकी अर्धी भरलेली आहे, झाकण उघडून पाहिले तर पाणी दिसते. खाली एकच नळ बारीक सोडला तर पाणी येतेही. पण कुणी बाथरूममध्ये शॉवर सोडला आणि त्याच वेळी कपड्याचे मशीन लावले की नळ फुसफुसतो आणि पाणी थांबते. टाकी रिकामी झालेली नसते. एकदम लागेल तेवढे पाणी पाइपातून येऊ शकत नाही, इतकेच.

फोनवरचे टक्के म्हणजे टाकीतले पाणी, आणि तेही मोजलेले नव्हे, फोनने हिशेबाने काढलेले. किती वीज आत गेली, किती बाहेर आली याची बेरीज-वजाबाकी फोन मांडत असतो. पाइप किती बुजला आहे ते त्या आकड्यात दिसत नाही. बॅटरीच्या बाबतीत या बुजण्याला अंतर्गत रोध म्हणतात. वयाने तो वाढतो, आणि थंडीनेही वाढतो, कारण बॅटरीतल्या द्रावणातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जायचे असतात आणि गारठ्यात ते रेंगाळतात.

आता थोडे आकडे, ज्यांना नको असतील त्यांनी हा परिच्छेद सोडावा. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, काही नव्या फोनांत थोडा जास्त. निम्मी उतरली की ३.७ ते ३.८. तीन-सव्वातीनच्या खाली गेला तर आतले नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून फोन स्वतःच बंद होतो. समजा बॅटरी ३.७ वर आहे, आणि कॅमेरा, उजळ पडदा, नेटवर्कची शोधाशोध मिळून फोनने क्षणभर दोन अँपिअर मागितले. बॅटरी चांगली असेल, रोध एक दशांश ओहम असेल, तर दाब ०.२ ने उतरेल, ३.५ राहील, कुणाला कळणारही नाही. तीच बॅटरी म्हातारी आणि वर गारठलेली, रोध तिप्पट झालेला. मग दाब ०.६ ने उतरून ३.१ वर येतो आणि फोन डोळे मिटतो. खोलीत आणला, ऊब मिळाली, चार्जर लावला, की दाब पुन्हा वर आणि ३६ टक्के पुन्हा हजर. आईंच्या फोनने खोटे सांगितले नव्हते. पाणी टाकीत होतेच.

आईंनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्गात चाळीस मुलं पटावर आणि बाईंना दम नाही." आम्हाला वाटते आमच्या टाकीपेक्षा हे बरे आहे.

हा प्रकार फक्त आपल्या जुन्या फोनांचा नाही. २०१६ च्या अखेरीस आयफोनच्या बाबतीत ही तक्रार जगभर गाजली. चार्ज शिल्लक असताना फोन बंद पडत. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने एक सुधारणा पाठवली आणि बंद पडणे कमी झाले, पण डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबूल केले की थकलेली बॅटरी असलेल्या फोनांचा वेग त्या सुधारणेने मुद्दाम कमी केला जातो, म्हणजे एकदम जास्त वीज मागितली जाऊ नये. नळ बारीक करून ठेवला, म्हणा ना. मालकांना न सांगता केले म्हणून लोक भडकले. २०१८ सालभर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला, आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड झाली. त्यातून एक चांगले निघाले. २०१८ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर 'बॅटरी हेल्थ' दिसू लागले. तिथे 'मॅक्सिमम कपॅसिटी' असा आकडा असतो. नवीन असताना १००, आणि ८० च्या खाली गेला की बॅटरी बदलण्याचा विचार करावा.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा सवतासुभा. सॅमसंगच्या फोनात 'सॅमसंग मेंबर्स' नावाचे अ‍ॅप असते, त्यात तपासणीच्या यादीत बॅटरी आहे. काही फोनांत अशी काहीच सोय नसते. मग साधी परीक्षा करावी: चार्ज ४० टक्क्यांवर आला की पडदा पूर्ण उजळ करून कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्यावा, दिवा लावून, पाच मिनिटे. फोन मेला आणि चार्जर लावताच तीस-पस्तीस टक्के दाखवत उठला, तर रोग कळला. तसेच ४० वरून एकदम २२ वर उडी मारणारा, किंवा सुरू केल्यावर आधीपेक्षा जास्त टक्के दाखवणारा फोन, हेही त्याच लक्षणाचे. कधी कधी नुसता हिशेब चुकलेला असतो, बॅटरी बरी असते. एकदा पूर्ण उतरू देऊन, मग न थांबता १०० पर्यंत भरला तर तो हिशेब जुळतो. पण एकदाच. दर आठवड्याला नको.

हे मुद्दाम लिहितो, कारण "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये" ही शिस्त आपल्या पिढीत फार घट्ट आहे. ती आली निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांपासून. आपल्यापैकी जे ऐंशीच्या दशकात इथे आले त्यांच्या पहिल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात त्या होत्या, आणि अर्धवट उतरलेली बॅटरी पुन्हा पुन्हा भरली तर ती तेवढेच लक्षात ठेवते असे म्हणत. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, तिला ही खोड नाही. तिला उलट दोन्ही टोके सोसत नाहीत. वीस ते ऐंशीच्या मध्ये राहिली तर ती जास्त जगते. ज्यांनी ही बॅटरी घडवली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आईंना ही माहिती बाकी सगळ्या लेखापेक्षा जास्त आवडली.

तर आमच्या फोनचे. पेशंटचे वय काढले. २०१९ मध्ये आम्ही घेतला. तीन वर्षे वापरला. २०२२ मध्ये मिरजेला दिला. म्हणजे त्या मंगळवारी तो सहाव्या वर्षात होता, बॅटरी मूळचीच. त्या काळच्या फोनांच्या बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण भरण्यांनंतर ८० टक्क्यांवर येतील अशा बेताने बनवलेल्या असत. रोज एकदा भरला तर सव्वा-दीड वर्ष. आम्ही आईंना दिला तेव्हाच त्या बॅटरीची पेन्शन सुरू व्हायला हवी होती. कोणत्या कंपनीचा होता ते सांगत नाही, कारण दोष वयाचा होता, आणि थोडा आमचा.

तो असा. दुरुस्तीच्या दुकानातून परतताना आईंनी सहज विचारले, "तुम्ही हा फोन तेव्हा बदललात का?" आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. २०२२ च्या हिवाळ्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो दोनदा बंद पडला होता, म्हणून बदलला होता. नव्या फोनवर हजार डॉलर घातले. जुना पुसून, नवे कव्हर घालून आईंना दिला, तेव्हा "अजून चांगला चालतोय" हे आम्ही म्हणालो होतो आणि आम्हाला ते खरेही वाटत होते. नवी बॅटरी बसवून घेतली तर ७० डॉलर पडले, चाळीस मिनिटे लागली. ते तीन वर्षांपूर्वी सुचले नाही. आईंनी यावर काहीही म्हटले नाही. म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

आणि खोदून विचारल्यावर मग कळले, की मिरजेतही तो मधे मधे बंद पडत असे. एकदा बँकेत रांगेत असताना, ओटीपी यायच्या वेळी. एकदा रात्री रिक्षात. "जुना आहे, चालायचंच, तुम्हाला कशाला सांगायचं?" मिरजेत थंडीचे कारण नव्हते. तिथे दुसरे होते, उन्हाळा. थंडीने बॅटरी तात्पुरती गळपटते, ऊब मिळाली की पूर्ववत होते. उष्णता मात्र कायमचे नुकसान करते. अ‍ॅपल आपल्या फोनांसाठी ० ते ३५ सेल्सियस ही मर्यादा सांगते. मिरजेचा एप्रिल त्याच्या पुढे असतो, आणि आई फोन चार्जिंगला लावत त्या खिडकीवर दुपारचे ऊन येते. आमचे मेहुणे मस्कतला असतात. त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून दोन उन्हाळे काढले आणि त्यांच्या फोनचे पाठ फुगले.

फुगण्याबद्दल दोन शब्द गंभीरपणे. मागचे झाकण उचललेले, पडदा कडेने वर आलेला, किंवा टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतो, असे दिसले तर आत वायू झाला आहे. तो चार्जिंगला लावू नये, दाबून बसवायचा प्रयत्न करू नये, टोचू तर मुळीच नये. आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये, कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला की पेट घेतो. आपल्या हेनेपिन काउंटीची ब्रुकलिन पार्क आणि ब्लूमिंग्टन इथे असा माल घेणारी केंद्रे आहेत. नेताना तो उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये. असा फोन भारतात नेण्याचा विचारसुद्धा नको.

आता पहिली तक्रार, लवकर उतरण्याची. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर कोणते अ‍ॅप किती खाते ते टक्केवारीने दिसते, तिथे चोर सापडतो. बहुतेक घरांत तो पडद्याचा उजेड किंवा व्हिडिओ असतो. पण पाहुण्या आई-वडिलांच्या फोनात एक खास चोर असतो जो आम्हाला उशिरा सापडला. भारतातले सिम. ओटीपीसाठी ते आत ठेवावेच लागते, रोमिंगवर. फोन मग दोन नेटवर्क सांभाळतो, आणि आपण मंडळींना झोपायला देतो ती खोली असते बेसमेंटमध्ये, जिथे रेंज नाही. बिचारा फोन रात्रभर दोन्ही टॉवर शोधत पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. सकाळी आई म्हणत, "रात्री हात लावला नाही तरी तीस टक्के गेले." सिम काढायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ते सिम तात्पुरते बंद करता येते, बँकेचे काम असेल तेव्हा सुरू करायचे. बेसमेंटमध्ये फोन वायफायवर ठेवला आणि वायफायवरून कॉल घेण्याची सोय चालू केली की रात्रीचे उतरणे बरेच थांबते.

हिवाळ्यासाठी एवढेच, की फोन कोटाच्या बाहेरच्या खिशात नव्हे, आत, अंगालगत ठेवावा. स्टॉपवर उभे राहून पाहत बसू नये. बसची वेळ आत असतानाच पाहून घ्यावी. आणि गाडीत रात्रभर राहून बर्फ झालेला फोन लगेच चार्जरला लावू नये. शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज केले तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन बसते, आणि ते नुकसान भरून येत नाही. आधी खिशात ऊब द्यावी, मग लावावा.

पॉवर बँक भारतात नेणाऱ्यांसाठी: ती हातातल्या बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, ती चालते. मोठी घेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

मार्चमध्ये आई परत गेल्या, नव्या बॅटरीचा तोच फोन घेऊन. नवा फोन घेऊ म्हटले तर नको म्हणाल्या, हा हाताला सवयीचा झाला आहे. पर्समध्ये मात्र एक कार्ड आहे, त्यांनीच वहीच्या पुठ्ठ्याचे कापून केलेले, त्यावर आमचे दोन्ही नंबर, घरचा पत्ता आणि मिरजेच्या शेजाऱ्यांचा नंबर, शाळेतल्या वळणदार अक्षरात. जाण्याआधी एका मंगळवारी त्या गॅस स्टेशनवर आम्हाला घेऊन गेल्या. त्या मुलासाठी मफलर विणला होता, तिळाच्या लाडवांचा डबाही होता. लाडू कसले ते त्यांनी त्याला मराठी-इंग्रजीत समजावून सांगितले, त्याने त्यांच्याकडे तिळाचे काय करतात ते सांगितले. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली तेव्हा दोघे थांबले.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही चहाच्या टेबलाजवळ बसणार आहोत. या डिसेंबरात जे फोन भारतात न्यायचे आहेत ते येताना घेऊन या, ४० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून. बॅटरीचा आकडा पाहू, नसेल तर पाच मिनिटांची परीक्षा घेऊ. बदलायची असेल तर जवळच्या दोन-तीन दुकानांचे दर आम्ही काढून ठेवले आहेत. कंपनीकडून बदलून घेतली तर बऱ्याच फोनांना शंभर डॉलरच्या आत-बाहेर पडते, थँक्सगिव्हिंगनंतर गर्दी असते, तेव्हा आधीच वेळ घ्यावी. पाठ फुगलेला फोन मात्र हॉलमध्ये आणू नका, त्यासाठी आम्हाला फोन करा.